हेमलता मॅडमचं नाक

हेमलता दामोदर तांडेल. माझ्या आयुष्यात मी ज्यांचं सर्वांत जास्त देणं लागतो त्यांचं हे नाव. ते आधीच लिहून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझा तोल मधूनमधून जाण्याची शक्यता आहे, आणि मग नाव लिहायचं राहून जाईल.

मॅडम तलासरीला आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या. डहाणूच्या समुद्रकाठच्या आळीत वाढलेल्या. वडील बोटीवर, आई सुकी मासळी विकणारी. उंची बेताची, आवाज त्याहून मोठा. पण मुलांच्या लक्षात राहायचं ते नाक. सरळ, टोकदार, डाव्या बाजूला चमकी. मॅडमना राग फारसा येत नसे. त्यांना किळस यायची. किळस आली की नाकाचा शेंडा वर जायचा आणि चमकी हलायची. त्या उत्तरपत्रिका तपासत असताना आम्ही स्टाफरूमच्या खिडकीतून आकड्यांकडे बघायचो नाही, चमकीकडे बघायचो.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "मॅडम, तुम्हाला राग का येत नाही?"

"राग आला की माणूस भांडतो, मग दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच चहा पितो," त्या म्हणाल्या. "किळस आली की हात लावत नाही. मला ते सोपं पडतं."

सोपं पडत नव्हतं, हे मला पुढे कळलं.

पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर 'थंडी' हा शब्द लिहिला आणि विचारलं, "ही कुठून येते?"

माझ्या बाकावर नितीन बसायचा. डहाणूचा, चुणचुणीत, कुठल्याही प्रश्नाला पहिला हात त्याचा. तो म्हणाला, "दारातून, मॅडम. दार उघडं राहिलं की आत येते."

चमकी हलली. "शी! आत काही येत नाही. तुझी ऊब बाहेर जाते. थंडी नावाची वस्तूच नसते. ऊब असते, जास्त किंवा कमी. फ्रीज थंडी बनवत नाही, आतली ऊब उचलतो आणि मागे फेकतो. फ्रीजच्या मागे कधी हात लावून बघितलायस?" हे विचारताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

"आमच्याकडे फ्रीज नाही," मी म्हणालो.

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत आणि त्यांनी माझी कीवही केली नाही. म्हणाल्या, "मग बर्फाच्या कारखान्यामागे जाऊन उभा राहा. पुढून बर्फ निघतो, आणि मागे उभं राहवत नाही."

मी खरंच गेलो. शनिवारी एसटीने डहाणूला उतरलो आणि बर्फाच्या कारखान्यामागे जाऊन उभा राहिलो. गरम वाफ, पाइपांवरून पडणारं पाणी आणि डोळ्यांत जाणारा अमोनिया. रखवालदाराने हाकललं. सोमवारी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "गेलास? खरंच?" मग विचारलं, "वास कसला आला?" त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारायला सुरुवात केली.

आमच्या पाड्यावर माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मला वापीच्या एका केमिकल कारखान्यात काम मिळत होतं, आणि बाबांनी ठरवून टाकलं होतं. हे कळल्यावर मॅडम रविवारी रिक्षा करून पाड्यावर आल्या. आईने घाईघाईने चहा ठेवला. मॅडम म्हणाल्या, "काकी, चहा कशाला? सुके बोंबील असतील तर भाजा की." मग नागलीची भाकरी आणि बोंबील खात त्या बाबांशी बोलल्या.

"काका, काम काय देतायत ते विचारलंत?"

"साफसफाईचं म्हणतात."

"पिंपं धुवायची. मी ती पिंपं बघितलीत. त्यांच्यात काय होतं ते धुणाऱ्याला सांगत नाहीत." नाकाचा शेंडा वर गेला. "हे काम त्याला दोन वर्षांनीही मिळेल. पिंपं काही पळून जात नाहीत."

बाबा हसले. मी कॉलेजात राहिलो. आज तलासरी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, आणि पहिल्या तासाला फळ्यावर 'थंडी' लिहितो.

त्यांच्या किळसेची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर कोणाला वाटेल की बाई नाजूक होत्या. डहाणूहून तलासरीला येताना एसटीत एकदा मासेवाल्या बायका टोपल्या घेऊन चढल्या. इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ नाकाला रुमाल लावून कंडक्टरला म्हणाले, "ह्यांना वेगळी गाडी का देत नाही?" मॅडम उठल्या, टोपलीशेजारच्या सीटवर जाऊन बसल्या आणि गृहस्थांकडे वाकून त्यांनी खोल वास घेतला. "टोपलीत काय आहे ते मला इथून कळतंय," त्या म्हणाल्या. "ताजी कोलंबी आहे. तुमच्यात काय आहे ते एवढ्या अत्तरामुळे कळत नाही." मासेवाल्यांतली एक म्हणाली, "अगो बाय, बर्फातलं शिळंच असेल. म्हणून अत्तर." अख्खी गाडी विवळवेढ्याच्या थांब्यापर्यंत हसत होती.

सडलेल्या मासळीची त्यांना किळस नव्हती. मासळी सडते, त्यात लबाडी काय? त्यांना किळस यायची ती सडलेलं झाकणाऱ्याची.

आता आळीबद्दल. तांडेलांची आळी समुद्राला इतकी जवळ आहे की भरतीच्या दिवसांत जाळी घराच्या ओट्यावर चढवून ठेवतात. घरांपुढे बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकतात. आळीच्या मध्यावर एक विहीर, आणि तिचं पाणी गोडं. समुद्र पन्नास-शंभर पावलांवर आणि पाणी गोडं, ह्याचं आळीला फार कौतुक. नवी सून आली की तिच्या हातून पहिली कळशी ह्या विहिरीतून काढतात. नारळी पौर्णिमेनंतर बोट पहिल्यांदा निघते तेव्हा बोटीवरचं पिण्याचं पिंप ह्याच विहिरीवर भरायचं, दुसऱ्या पाण्याने पिंप भरलेली बोट कोणी बघितली नाही. मॅडमच्या घरी कोणीही गेलं, अगदी मीसुद्धा, तर पहिला तांब्या विहिरीचा. चहा नंतर. मी दोन घोट पिऊन तांब्या खाली ठेवला तर त्या म्हणायच्या, "संपव. हे तुमच्या तलासरीला मिळणार नाही."

मॅडमनी लग्न केलं नाही. त्या धाकट्या भावाबरोबर, दिनेशदादांबरोबर राहायच्या. दिनेशदादांच्या दोन बोटी. धंदा चांगला चालला तेव्हा त्यांनी जुनं कौलारू घर पाडून दोन मजली बंगला बांधायला घेतला. दादा मनाने वाईट नव्हते. पण त्यांना प्रत्येक गोष्ट आळीत पहिली हवी असायची. पहिला मोठा टीव्ही, पहिली काचेची गॅलरी.

एका रविवारी मी शाळेसाठी प्रयोगाचं सामान घ्यायला मॅडमकडे गेलो होतो. ओट्यावर लॅपटॉप उघडून नितीन बसला होता. माझ्या बाकावरचा तोच नितीन. आता त्याच्या शर्टावर कंपनीचं हिरवं पान होतं. बाजूला दिनेशदादा, आणि शेजारच्या नर्मदाकाकी, मॅडमच्या आईच्या वयाच्या, पाटावर बसून कोलंबी सोलत होत्या.

"काकी," नितीन म्हणाला, "तुमच्या पायाखाली एसी आहे आणि तुम्हाला माहीतच नाही."

"माझ्या पायाखाली टरफलं आहेत," काकी म्हणाल्या.

नितीन जमिनीतला एसी विकत होता. घराभोवती खोल भोकं पाडायची, त्यांत पाण्याने भरलेला पाइप उतरवून परत वर आणायचा, आणि घरातल्या यंत्राने खोल्यांतली ऊब त्या पाण्यात सोडायची. पाणी खाली जाऊन ऊब जमिनीला देतं आणि थंड होऊन वर येतं. भिंतीबाहेर लटकणारा पंखा नाही, आवाज नाही, आणि वीज कमी. लॅपटॉपवर हिरवळीतलं एक घर दाखवलं होतं आणि खाली मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'थंडी नावाची वस्तूच नसते!'

मी मॅडमकडे बघितलं. चमकी अजून स्थिर होती.

"तुमचंच वाक्य, मॅडम," नितीन खुशीत म्हणाला. "मी ऑफिसात सांगितलं, आमच्या मॅडमचं आहे. सगळ्यांना आवडलं."

दिनेशदादा मध्येच म्हणाले, "ताई, आणि आपला जिल्हाच त्याच्यासाठी आहे. गरम पाण्याची कुंडं आपल्याकडे आहेत की नाहीत? जमिनीत ताकद आहे. म्हणून तर कंपनी इथे आली."

"मग आंघोळीला पाणी तापवायला नको काय रे?" काकींनी विचारलं.

"बरोबर, काकी," नितीन म्हणाला. "गरम पाणी पण मिळेल."

हा गैरसमज आळीत सगळ्यांचा झालेला होता. नितीनच्या कागदावर 'भूऔष्णिक' असा शब्द होता आणि आमच्याकडे जमिनीतली उष्णता म्हटलं की माणसाला कुंडच दिसतं. आजारी माणसाला तिथे अंघोळीला नेतात, नवस बोलतात. तीच शक्ती दिनेशदादांच्या बंगल्याला मिळणार अशी आळीची समजूत झाली, आणि आळीला अभिमानही वाटला.

"नितीन," मॅडम म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"त्यांना सांग."

"काय, मॅडम?"

"कुंडाचा आणि ह्या यंत्राचा काही संबंध नाही, ते."

नितीन हसला. "मॅडम, कस्टमरला एवढं टेक्निकल कशाला? त्यांना पटलंय ना."

तेव्हा चमकी हलली. चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलावर हलायची तशी नाही. मग त्यांनी अंगणातल्या वाळूत काडीने घर काढलं आणि भावाला समजावू लागल्या. ते समजावणं मी आजही वर्गात जसंच्या तसं वापरतो.

"तुला घरातली ऊब बाहेर टाकायची आहे. जमीन कुंडासारखी तापलेली असती, तर टाकणार कुठे? तापलेल्या तव्यावर?"

"मग तापलेली नाही ते चांगलंच की," दादा म्हणाले.

"चांगलंच. यंत्र खोटं नाही, दिनेश. खोलात गेलं की जमीन बारा महिने जवळपास एकसारखी असते, हे खरं आहे. जिथे बर्फ पडतो तिथे थंडीत बाहेरची हवा गोठलेली असते आणि जमीन त्यामानाने उबदार. तिथे हिवाळ्यात जमिनीतून ऊब उचलतात, घर तापवतात. उन्हाळ्यात घरातली ऊब परत जमिनीत ठेवतात. घेतात आणि ठेवतात. तिथे हे यंत्र शहाणं आहे, तिथे कित्येकांचा खर्च वसूल होतो. तू हिवाळ्यात काय उचलणार? डहाणूच्या थंडीत तू सदऱ्यावर असतोस. आपण नुसतं टाकत राहणार. दरवर्षी, त्याच भोकात. भोवतीची माती तापत जाणार आणि यंत्र दमत जाणार."

"जमीन मोठी आहे, ताई."

"समुद्र तर आणखी मोठा आहे. मासळीची घाण टाकून किनाऱ्याचं काय केलंय ते बघतोस ना?" काडी पुन्हा वाळूत फिरली. "आणि खोल जमीन साधारण किती गार? वर्षाची सरासरी असते तेवढी. आपल्याकडे सरासरीलाच घाम फुटतो. बाहेरच्या हवेत टाकण्यापेक्षा थोडी वीज वाचेल, नाही म्हणत नाही. पण तेवढ्यासाठी एवढी भोकं? त्यांचा खर्च तुझ्या नातवाच्या लग्नापर्यंत निघणार नाही, आणि कॉम्प्रेसर त्याच्या आधी जाईल."

"मग काय करू?"

"गच्चीला पांढरा रंग दे. पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा काढ. समोरासमोर खिडक्या ठेव, वारा फुकट आहे. झोपायच्या खोलीत एक चांगला इन्व्हर्टर एसी लाव. झालं."

दिनेशदादांचा चेहरा पडला. "ह्यात लोकांना सांगायचं काय?" ते म्हणाले. "पांढरा रंग काय, कोणीपण देतो."

इतकं खरं वाक्य त्या दिवशी ओट्यावर दुसरं कोणी बोललं नाही. मॅडमनी काडी टाकून दिली.

पण खरं भांडण विहिरीवरून झालं. आमच्या किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, दुधावर साय असावी तसं. वरच्या वर काढलं तर गोडं. खोल भोक पाडलं आणि ते नीट बंद केलं नाही, तर खालचं खारं पाणी त्या वाटेने वर चढतं. नितीनची भोकं विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, आणि विहिरीपेक्षा कितीतरी खोल. मॅडमनी आळीतल्या लोकांना बोलावून हे सांगितलं. लोकांनी ऐकलं आणि मग एक जण म्हणाला, "मॅडम, तुमच्याच घरचं चांगलं होतंय, तर तुम्ही का आडवं जाता?" दिनेशदादा म्हणाले, "घर माझ्या नावावर आहे, ताई. तू तुझ्या कॉलेजात शिकव."

त्या रात्री त्या जेवल्या की नाही, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नितीनला गाठून एवढंच मागितलं, की पाइप उतरवल्यावर भोकाची मोकळी जागा तळापासून वरपर्यंत बंद करायची. त्यासाठी एक खास चिकणमाती मिळते, ती पाण्यात कालवून पंपाने खाली सोडतात. ती फुगते आणि भोक लाखेसारखं बंद होतं. कंपनीच्या कागदावरही तसंच लिहिलं होतं.

"हो, मॅडम. तुम्ही सांगितल्यावर प्रश्नच नाही," नितीन म्हणाला.

भोकं पाडायचं काम सुरू झालं तेव्हा मॅडम रजा टाकून अंगणात खुर्ची घेऊन बसल्या. धूळ, चिखल, मशीनचा आवाज; त्या हलल्या नाहीत. पहिल्या भोकात त्यांच्यासमोर चिकणमाती सोडली. मग विद्यापीठाच्या परीक्षा लागल्या, त्यांना तलासरीला सुपरव्हिजनला जावंच लागलं. संध्याकाळी परत आल्या तेव्हा बाकीची सगळी भोकं भरून झाली होती आणि मजूर ट्रक घेऊन निघून गेले होते.

"केलं का नीट?" त्यांनी भावाला विचारलं.

"केलं, केलं."

नंतर एकदा मी आळीत गेलो, तर नर्मदाकाकी बंगल्यामागे पोत्यांच्या थप्पीवर बसून मासे साफ करत होत्या. मी विचारलं, "काकी, आज पाट कुठे गेला?"

"ही पोती बरी आहेत रे बसायला. ते लोक टाकून गेले. पाठ दुखत नाही."

पोत्यांवर चिकणमातीचं नाव छापलेलं होतं. एकही फोडलेलं नव्हतं. भोकांत घातली होती ती उपसलेली वाळू आणि दगडाचा चुरा. मॅडम माझ्या मागून येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पोत्यावरची अक्षरं वाचली, काकींना काही न बोलता घरात गेल्या, आणि नितीनला फोन लावला. मला आतून फक्त त्यांची वाक्यं ऐकू आली. "तुला माहीत होतं... नाही, मजुरांना नाही, तुला माहीत होतं... वेळ नव्हता? शी!" मग फोन ठेवल्याचा आवाज.

पहिला उन्हाळा दिनेशदादांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा. बंगला गार. माणसं बघायला यायची. नितीनने गॅलरीत दादांना उभं करून फोटो काढला आणि तो फोटो जाहिरातीत आला. विजेचं बिल आलं तेव्हा दादांनी ते मॅडमपुढे ठेवलं. "बघ. नितीन म्हणतो, एवढ्या खोल्यांना साधे एसी असते तर ह्याच्या कितीतरी जास्त आलं असतं."

"आधी तू किती खोल्या गार करत होतास?"

"आधी एकच होती."

"मग आधीच्या बिलापेक्षा कमी आलंय?"

दादांनी बिलाची घडी करून ते खिशात घातलं.

पुढच्या उन्हाळ्यात खोल्या उशिरा गार व्हायला लागल्या. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात यंत्र भर दुपारी आपोआप बंद पडायला लागलं. कंपनीचा माणूस यायचा, बटणं दाबायचा, "जमीन थोडी गरम झालीय, विश्रांती द्या," असं सांगून जायचा. विकताना जमीन गरम असण्याचा अभिमान होता, आता तिला विश्रांती हवी होती. शेवटी दादांनी झोपायच्या खोल्यांना साधे एसी लावले. पाइप जमिनीत, एसी भिंतीवर. हिरव्या पानाची पाटी मात्र फाटकावर अजून होती.

तोवर विहिरीचं पाणी बदललं होतं. आधी भाजी शिजायला वेळ लागायला लागला. मग चहा फाटायला लागला. मग तांब्याच्या कडेला पांढरी रेघ यायला लागली. आणि मला सर्वांत जास्त शिसारी आली ती ह्यानंतरच्या गोष्टीची: आळीत कोणी काही बोललं नाही. मी विचारलं की म्हणायचे, "पाणी तर पहिल्यापासून जरा खारटच होतं." ज्या पाण्याची फुशारकी मारत त्यांनी मला कित्येक तांबे पाजले होते, तेच हे लोक. दिनेशदादांच्या बोटींवर कोणाचा मुलगा, कोणाचा जावई कामाला होता, हे खरं आहे. पण भीतीपेक्षा मला तिथे आळसच जास्त दिसला. खोटं बोलणं विहीर दुरुस्त करण्यापेक्षा सोपं होतं.

मग दादांनी विहिरीजवळ पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं. त्यावर संगमरवरी पाटी: 'कै. दामोदर तांडेल यांच्या स्मरणार्थ आळीला सप्रेम भेट.' लोकांनी रांगेत उभं राहून टाळ्या वाजवल्या. नितीन पेढे घेऊन आला. माणूस कोणाचंतरी पाणी खारं करतो, मग त्यांना गोडं पाणी भेट देतो, आणि लोक त्याला नमस्कार करतात. मॅडम पाटीपुढे उभ्या राहिल्या, वडिलांचं नाव वाचलं, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्यांचं नाक हललं नाही. चेहरा सपाट राहिला. तो चेहरा मला अजिबात आवडला नाही.

नितीनने पेढा पुढे केला. "मॅडम, आशीर्वाद द्या."

"तू हुशार होतास," त्या म्हणाल्या. पेढा घेतला नाही.

त्या महिन्यात त्यांनी तलासरीला एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. दादा म्हणाले, "ताई, चार लोक काय म्हणतील?" मॅडम म्हणाल्या, "म्हणतील, पाणी पहिल्यापासून खारटच होतं."

त्या आता निवृत्त झाल्या आहेत. तलासरीतच आहेत. दर सणाला भावाचा फोन येतो, जेवायला बोलावतो. त्या जात नाहीत. मी एकदा न राहवून म्हटलं, "मॅडम, दादा एकटे पडलेत. एक दिवस जाऊन या."

"जाईन," त्या म्हणाल्या. "ओट्यावर बसेन. दिनेश तांब्या आणून देईल. तो मी पिऊ की ठेवू?"



त्यांना मी शेवटचं पाहिलं ते हायवेवर. मी शाळेतून बसने येत होतो आणि त्या थांब्यावर उभ्या होत्या, छत्री काखेत, हातात पिशवी. उसाच्या रसवाल्याशी काहीतरी वाद चालला होता. बर्फ कसल्या पाण्याचा आहे, असंच विचारत असणार, कारण रसवाला दोन्ही हात हलवून बर्फाच्या लादीकडे दाखवत होता आणि शेजारचे रिक्षावाले हसत होते. मग त्यांनी बिनबर्फाचा पेला घेतला आणि उभ्याउभ्या, कोणाकडेही न बघता, सावकाश संपवला. मी खिडकीतून हाक मारली. हायवेच्या आवाजात ती त्यांना ऐकू गेली नाही आणि बस सुटली.

फोनवर त्या आळीचा विषय काढू देत नाहीत. म्हणून गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय मॅडम,

सा. नमस्कार.

दिनेशदादांनी भोकं बुजवायला होकार दिला. त्यांना पश्चात्ताप झाला वगैरे मी लिहिणार नाही. विहीर इतकी खारी झाली की मशीनचं पाणीही खारट लागायला लागलं, तेव्हा दिला. नितीनला फोन केले. आधी त्याने उचलले नाहीत, मग नंबर बदलला.

बोअरवाला आणला. आतली वाळू उपसून पाइप ओढून काढले, एक तुटून खाली राहिला. जुनी पोती पावसाने दगड झाली होती, म्हणून नवी माती आणली. प्रत्येक भोक तळापासून वरपर्यंत भरलं. तुमची खुर्ची होती त्याच जागी मी बसून होतो, काम संपेपर्यंत उठलो नाही.

पाणी मी चाखलं. खारट आहे. बोअरवाला म्हणतो की दोन-तीन पावसाळ्यांत फरक पडेल. त्याला माहीत नाही, मलाही नाही, म्हणून त्याचं म्हणणं तुम्हाला आशा म्हणून पाठवत नाही. निघताना दादांनी विचारलं, "ताई काय म्हणते?" मी म्हटलं, "काही म्हणत नाहीत." ते विहिरीत बघत उभे राहिले.

आळीत आता एकच माणूस खरं बोलतं. नर्मदाकाकी रोज सकाळी एक कळशी काढतात, सगळ्यांच्या देखत घोटभर तोंडात घेतात आणि थुंकतात. त्यांचा तुमच्यासाठी निरोप आहे, त्यांच्याच शब्दांत देतो: "हेमाला सांग, अजून थू आहे. मी रोज बघते."

आपला विद्यार्थी,
काशिनाथ